कूलर कमी पडतो

२० मे, सोमवार. शहापूर (भंडारा)

घडले ते असे.

१. एप्रिलच्या शेवटी कंपनीने ‘वणवा ओसी’ या नव्या ग्राफिक्स कार्डाचा नमुना माझ्याकडे पाठवला. काम एकच: भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत, बॉक्सवर छापायचा वेग टिकतो की नाही ते सांगणे.

२. तो वेग २६४० मेगाहर्ट्झ. चिप बनवणाऱ्यांनी २४७५ ठरवला होता, आमच्या कंपनीने कारखान्यातच वाढवला. पूर्ण भारावर तीन तास चालवायचे. वेग एकदाही २६४० च्या खाली आला तर नापास.

३. चार चाचण्या केल्या. चारही नापास.

४. चौथीनंतर मी पुण्याला माझे साहेब प्रविण सर यांना फोन केला. सांगितले की कूलर कमी पडतो, मोठा कूलर लावल्याशिवाय हे व्हायचे नाही. (मोबाइलचे नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या दारात येते, म्हणून फोन तिथूनच करते.) ते म्हणाले, कूलर बदलायला आता वेळ नाही, अजून एकदा चालवून बघ.

५. शनिवारी पाचवी चाचणी बारा वाजता आपोआप सुरू होईल अशी लावून मी करडी गावाला रुपाच्या लग्नाला गेले. मामाच्या मुलीचे लग्न, खरे तर आईने जायला हवे होते. ती म्हणाली, लाइन गेली तर कोणी पाहिजे, मी आहो ना घरी, तूच जा. मी तिला बजावले, मशीनला हात लावायचा नाही.

६. पाचवी चाचणी पास झाली. नोंदी वायरच्या इंटरनेटवरून आपोआप पुण्याला जातात. मी अजून पंगतीत होते तेव्हा सरांचा मेसेज आला: ‘शाब्बास.’

७. चौथ्या आणि पाचव्या चाचणीच्या मध्ये मी काहीही बदललेले नाही.

सातवा मुद्दा खरा आहे. त्यामुळेच सहावा मला पटत नाही.


२१ मे, मंगळवार

दिवसभर पाचव्या चाचणीचा आलेख बघितला.

खोलीचे तापमान ४३. हे दारावरच्या सेन्सरचे. कंपनीने आखून दिलेल्या जागीच तो लावला आहे, टिनाच्या छताच्या जवळ, टेबलापासून लांब. आधीच्या चारही चाचण्यांत तो ४४ दाखवत होता. एका अंशाने एवढा फरक पडत नाही.

चिप मात्र आधीच्या चाचण्यांपेक्षा अकरा अंशांनी थंड. कार्डाचे पंखे आरामात फिरत होते. शेवटी शेवटी तापमान एकदम चढू लागते, जणू कोणी काहीतरी काढून घेतले, आणि २६४० ची रेषा मोडण्याच्या आतच तीन तास संपतात.

शक्यता लिहून काढल्या. चिप आणि धातूच्या मधली पेस्ट चार चाचण्यांत नीट बसली असेल. पण मग शेवटी तापमान का चढले? विजेचा दाब कमी असेल. पाहिले, नव्हता.

कार्ड काढून तपासले. ॲल्युमिनिअमच्या पात्या, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या चार नळ्या, दोन पंखे. हा कार्डाचा कूलर. डिझाइनमध्ये पाच नळ्या होत्या, पाचवी जाडी कमी करण्यासाठी काढली. माझे म्हणणे पहिल्यापासून त्या पाचव्या नळीबद्दल आहे.

टेबलामागच्या खिडकीच्या कठड्यावर गवताची वाळकी काडी मिळाली. चिमण्या असाव्यात. खिडकी बंद ठेवायला हवी.

आई चहा घेऊन आली.

“पास झाली ना तुझी मशीन?”

“झाली.”

“मंग तोंड काहून पाडून बसली?”

“कशी झाली तेच समजून नाही राहिलं.”

“पास झाल्यावर कोणी विचारते का, कशी झाली म्हणून?” आई हसली. मग तिने बॉक्सच्या चित्राकडे पाहिले. त्यावर ज्वाळा आहेत. “आन् हे वणवा नाव कोणं ठेवलं? जंगलात आग लागली का लोक पळतात, हे विकून राहिले.”

नाव ठेवणाऱ्याने वणवा पाहिला नसावा, हे मलाही वाटते. नावातले ‘ओसी’ म्हणजे ओव्हरक्लॉक, आणि ओव्हरक्लॉक म्हणजे काय, ते तिला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे जेवढी चालते त्याच्यापेक्षा जास्त पळवता तिले. आन् मंग तापते म्हणून बोंबलता.”

व्याख्या म्हणून हे चुकीचे नाही.


२३ मे, गुरुवार

प्रविण सरांनी बॉक्सचे अंतिम चित्र पाठवले. ‘२६४० मेगाहर्ट्झ. ४३ अंशांत तपासलेले. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात सिद्ध.’ मागच्या बाजूला माझे नाव: तपासणी अभियंता, दीपमाला निंबार्ते. त्यांना माझा एक व्हिडिओही हवा आहे, मागे धानाचे शेत दिसेल असा. मी लिहिले, मे महिन्यात आमच्याकडचे शेत कापून मोकळे असते. त्यांनी हसणारा चेहरा पाठवला.

स्पेसिफिकेशनच्या कागदावर माझी सही सोमवारपर्यंत हवी आहे. त्याच दिवशी माझ्या कायम होण्याचा निर्णय होईल. कायम झाले तर शहापुरातूनच काम करता येईल. नाही तर पुन्हा पुणे, आणि इथे आई एकटी. बाबा गेल्यानंतर मी हीच नोकरी का धरली, ते सरांना माहीत आहे. मी सांगितले होते. सांगायला नको होते.

आई दुपारी ओसरीत जमिनीवर झोपते, अंगावर ओला पंचा घेऊन. तिच्या खोलीत कूलर आहे. विचारले तर म्हणाली, “आवाज करते तो. झोप नाही येत.” गेली आठ वर्षे तोच आवाज आहे.

डोके दुखते म्हणाली. गोळी दिली.


२४ मे, शुक्रवार

सकाळी योगेंद्र आला. हायवेवर त्याचे कूलर-पंखे दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेत माझ्या वर्गात होता. हातात नवा पंप.

“काय मॅडम, तुमचं पुण्याचं लेकरू थंड झालं का?”

“कोणतं लेकरू?”

“तेच, टेबलावर बसते ते. शनिवारी काकूनं दोनदा फोन केला मले. आधी म्हणे कूलर तिच्या खोलीतून तुझ्या खिडकीले लावून दे. लावला. मंग म्हणे पाणी संपलं. मी येतपर्यंत पंप सुकाच फिरला, जळून गेला. कूलर परत तिच्या खोलीत ठेवून गेलो. आज भेटला तसा पंप.” आणि मग माझा चेहरा पाहून, “अरे बाप रे. काकूनं सांगतलं होतं, दीपमालाले सांगू नको.”

मी विचारले, कूलर किती वेळ चालला. तो म्हणाला, बारा वाजता लावला, पाणी संपलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. तापमान चढते ते तिथूनच. हवेचा झोत कुठे होता विचारले. म्हणाला, “सरळ मशीनच्या तोंडावर. काकूनं हात ठेवून पाहिला ना, हवा बरोबर येते का म्हणून.”

गवताची काडी कूलरच्या बाजूला लावलेल्या गवताच्या ताटीतली होती. चिमण्यांचा संबंध नाही.

आई मागे तांदूळ निवडत बसली होती. मी विचारले.

“तू म्हणालीस मशीनले हात लावू नको,” ती म्हणाली. “लावला का मी? कूलरले लावला.”

“कायले पण?”

“तूच तं फोनवर सांगून राहिली होतीस त्या साहेबाले. कूलर कमी पडते, मोठा कूलर लागन म्हणून. चार डाव सांगतलंस. तो ऐकून नाही राहिला होता. मंग मी म्हटलं, घरात आहे ना एक मोठा.”

मी कार्डावरच्या कूलरबद्दल बोलत होते. विदर्भात चोवीस वर्षे काढून, उन्हाळ्यात, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ‘मोठा कूलर लागेल’ म्हटले आणि दुसरा अर्थ निघू शकतो हे माझ्या लक्षात आले नाही.

“मंग मी बिघडवलं का?” आईने विचारले. हात सुपातच होता.

“नाही. चाचणी बिघडली.”

“पण मशीन तं खुश होती. आवाजच नव्हता तिचा.”

योगेंद्रने आईच्या खोलीतल्या कूलरला पंप बसवला. पंप बसल्यावरही तो बराच वेळ पाना घेऊन आवळत बसला होता. एवढे आवळण्यासारखे त्यात काही नव्हते. चहा घेऊन गेला.


२५ मे, शनिवार

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्यातले सर्वात कडक नऊ दिवस. दारावरच्या सेन्सरवर ४५.

हे फक्त तिघांना माहीत आहे. आई कोणाला सांगणार नाही. योगेंद्रला सांग म्हटले तरच सांगेल. नोंदीत कूलर कुठेच दिसत नाही. सेन्सर खरे बोलला, तो कंपनीने सांगितलेल्या जागी होता. माझ्या बाजूने एकही आकडा खोटा नाही.

मी सही केली तर काय होईल, ते लिहिते. कार्ड विकले जाईल. घेणाऱ्यांपैकी बरेच जण एसीत बसतील, त्यांना कधी कळणारही नाही. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांचे कार्ड दुपारी हळू चालेल. जळणार नाही, फक्त वेग सोडेल. ते म्हणतील, आमचीच खोली गरम आहे. कंपनीही तेच म्हणेल. आणि बॉक्सवर लिहिलेले असेल की भंडाऱ्यात तपासले होते.

म्हणजे भंडाऱ्यातल्या माणसाला त्याच्याच खोलीबद्दल माझ्या नावाने खोटे सांगितले जाईल.

सही केली नाही तर काय होईल, ते वर २३ तारखेला लिहिले आहे.

आज दोन्ही वाचले. दोनदा.


२७ मे, सोमवार

प्रविण सरांशी बोलणे झाले. मी घडले ते सांगितले. सगळे. कूलर कोणी लावला तेही.

ते आधी हसले. खूप वेळ. मग म्हणाले, “अगं पण हे तर छान आहे. आईने गोष्ट सोपी केली आपली.”

मी म्हटले, पाचवी चाचणी बाद धरावी.

“दीपमाला, जरा प्रॅक्टिकल हो. खोलीचं तापमान त्रेचाळीस होतं ना?”

“दारावर त्रेचाळीस होते. कार्डाच्या तोंडाशी तीस-बत्तीस असेल.”

“आपल्या पद्धतीत तोंडाशी मोजायचं कुठे लिहिलंय? दारावर लिहिलंय. तू पद्धत पाळलीस. आणि लोक उन्हाळ्यात कूलर लावतातच ना तुमच्याकडे? मग ही खरी परिस्थितीच झाली.”

हा मुद्दा चांगला होता. मी थोडा विचार केला. मग म्हटले, “लोक कूलर माणसांवर लावतात, सर.”

मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, बॉक्स छापायला जातो आहे. म्हणाले, तुझ्या कायम होण्याची फाइल माझ्या टेबलावर उघडी आहे, ती बंद करावीशी वाटत नाही मला. म्हणाले, आईजवळ राहायचंय ना तुला?

मी फोन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून केला होता. आई आतच होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “माझं नाव सांगून देजो त्याले. म्हातारीनं केलं म्हणून. तुझ्यावर नको येऊ देऊ.”

“तू म्हातारी नाहीस. आन् तू काही केलं नाही.”

“मंग कोणावर येईन?”

सहीच्या कागदावर सही केली नाही. सहावी चाचणी परवा लावते. नवतप्यातच.


२९ मे, बुधवार

सहावी चाचणी. दारावर ४५. या वेळी दुसरा सेन्सर कार्डाच्या तोंडाशी लावला, पद्धतीत नसला तरी. खिडकी बंद. आईचा कूलर आईच्या खोलीत, चालू. आईने मात्र त्याच्यासमोर बसायला नकार दिला.

“मी तिथं बसतो,” म्हणाली आणि टेबलापासून चार हातांवर पाट टाकून बसली. “काही करत नाही. पाहतो फक्त.”

खोलीत उकडत होते. दोघी घामाघूम. स्क्रीनवर २६४० होते. ती हातपंखा हलवत होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की कार्डाच्या तोंडाचा सेन्सर मधूनच अर्ध्या अंशाने खाली येतो. कारण शोधू लागले. तिने पंखा किंचित तिरपा धरला होता. वारा टेबलाकडे जात होता. मुद्दाम करत नसावी, हात आपोआप तिकडे वळत असावा.

मी म्हटले, “आई, हवा स्वतःकडे घे.”

“हो हो,” म्हणाली आणि पंखा फिरवला. पाच मिनिटांनी पुन्हा तिकडेच.

शेवटी मी पाट उचलून दाराबाहेर ठेवला. चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली. ती दाराबाहेरून विचारत राहिली, “आता किती?”

“सव्वीसशे चाळीस.”

“आता?”

“सव्वीसशे चाळीस.”

“आता?”

“पंचवीसशे ऐंशी.”

दाराबाहेरून, “बिचारी.”

पुढे वेग २५४५ पर्यंत उतरला. नापास. अपेक्षेप्रमाणे. मला वाईट वाटायला हवे होते. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच माझा माझ्या आकड्यावर विश्वास बसला.


३० मे, गुरुवार

आज वेग २५२० वर बांधून चालवले. दारावर ४५, कार्डाच्या तोंडाशी ४६. तीन तास, रेषा सरळ. पास. कोणी वारा घातला नाही. आईला मुद्दाम शेजारी मंदाबाईंकडे पाठवले होते.

तर आकडा २५२० आहे. चिप बनवणाऱ्यांपेक्षा ४५ जास्त. हेही ओव्हरक्लॉकच आहे, आणि ते खरे आहे. २६४० साठी पाचवी नळी परत लावावी लागेल. म्हणजे मोठा कूलर लागेल. हे मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे, आणि ते ऐकून कोणी काही केले असेल तर फक्त आईने.

संध्याकाळी योगेंद्र आला होता. पंप नीट चालतो का ते बघायला, म्हणाला. पंप चालत होता, अंगणापर्यंत ऐकू येत होता. तरी त्याने आत जाऊन पाहिला. जाताना म्हणाला, “नोकरी गेली तं आमच्या दुकानात बस. थर्मल इंजिनिअर लागतेच आमाले.”

मी म्हटले, मी कूलर दुरुस्त करत नाही.

“मी शिकवीन ना,” तो म्हणाला. हा माणूस प्रत्येक गोष्ट थट्टेवर नेतो.


३१ मे, शुक्रवार

आज पाठवले. प्रविण सर, त्यांचे वरिष्ठ आणि बॉक्सची छपाई बघणारे, तिघांना एकत्र, म्हणजे कोणी ‘मला माहीत नव्हते’ म्हणणार नाही. पाठवण्याआधी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, कूलरचं कायले लिहिलं, लोक हसतीन. मी म्हटले, हसू दे. मग ती म्हणाली, “पंप जळला ते नको लिहू. आपलाच होता.” ते मी काढून टाकले. बाकी जसे पाठवले तसे इथे उतरवून ठेवते.

‘वणवा ओसी, नमुना तपासणी.

पाचवी चाचणी मी मागे घेत आहे. ती पास झाली कारण त्या दिवशी खिडकीतून कार्डावर पाण्याचा कूलर सोडलेला होता. तो आमच्या घरात एकच आहे आणि तो माझ्या आईच्या खोलीतला आहे. तो बॉक्समध्ये येणार नाही.

सहाव्या आणि सातव्या चाचणीच्या नोंदी सोबत आहेत. त्यांत कार्डाच्या तोंडाशी मोजलेले तापमानही आहे. ४५ अंशांच्या खोलीत हे कार्ड २५२० मेगाहर्ट्झ टिकवते. २६४० टिकवत नाही. २६४० हवे असेल तर डिझाइनमधून काढलेली तांब्याची पाचवी नळी परत लावावी. नळी लावायची नसेल तर बॉक्सवर २५२० छापावे. भंडाऱ्याचे नाव यांपैकी एकाच आकड्याशेजारी छापता येईल, आणि तो कोणता ते वर लिहिले आहे.

बॉक्सवर २६४० असेल तर माझे नाव त्यावर नसावे. ते असल्यास मी याच नोंदी जाहीर करीन.

मला कायम करायचे की नाही हा निर्णय तुमचा आहे. तो या आकड्याशी बांधलेला नाही, असे मी धरून चालते. बांधलेला असेल तर तसे लेखी कळवावे.

बॉक्सवर कोणता आकडा छापला जाणार आहे, एवढेच उत्तर हवे आहे. कृपया ते शुक्रवार, ७ जूनपर्यंत पाठवावे.

दीपमाला निंबार्ते
शहापूर, जि. भंडारा’